चिकटवलेली टेकडी

कसबा पेठेतल्या सिराजभाईंनी उभ्या आयुष्यात हजारो माणसांच्या पाठीमागचं जग पुसून पांढरं केलं होतं. पासपोर्ट फोटोचा धंदाच तो. साध्या शर्टावर आलेल्या गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर कोट चढवून द्यायचा, वर टाय फुकट. पण सुट्टी आली की हा माणूस लोणी काळभोरपलीकडच्या माळावर लांडग्यांच्या मागे. लांडगे संपत चाललेत, हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. बायको शहजादी त्या लांडग्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शेवटी फोटो मिळाला. बिळाच्या तोंडाशी लांडगीण आणि पिल्लं. मागची टेकडी, देऊळ, बाभळ, सगळं सिराजभाईंनी हौसेनं तसंच ठेवलं. इथेच घोळ झाला.

पुण्यातल्या वन्यजीव फोटोंच्या प्रदर्शनात त्याच फोटोपुढे गर्दी. शहजादीनं अख्खं माहेर गोळा करून आणलेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "आरं, ही तर आमच्या म्हसोबाची टेकडी हाय!"

तो लोणीचा मेंढपाळ संतोष. त्याची कोकरं लांडग्यांनी नेली होती, आणि बीळ काही सापडत नव्हतं. "बाभळीखाली हायत व्हय! आजच पेटवतो," म्हणत त्यानं गावाकडे फोन लावायला मोबाइल काढला.

बिळात काट्या कोंबून जाळ करतात, ते सिराजभाईंनी एकदा पाहिलं होतं. आणि ज्याची कोकरं गेली, त्याला आता काय समजावणार?

"टेकडी त्या बिळामागची नाही," ते म्हणाले. "मी चिकटवलीय."

प्रदर्शन भरवणाऱ्या आनंदीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लांडगिणीला कोट चढवला नाहीत, हे उपकारच म्हणायचे."

लोक हसले. संतोष हसला नाही. "आन् पिल्लं?"

"प्राणिसंग्रहालयातली." सिराजभाईंचा आवाज चिरकला.

"खोटं बोलताय. बाभळ आमचीच हाय."

माहेरची माणसं माना खाली घालून उभी होती. त्यांच्यातून शहजादी पुढे आली.

"भाऊ, तुमच्या टेकडीचे फोटो ट्रेकवाली पोरं नेटवर टाकतात की! तिथूनच उचललीय, बाभळीसकट. चिकटवताना मी शेजारी बसले होते. लबाडच आहे हो आमचा माणूस."

संतोषनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पुण्याची माणसं!" म्हणत त्यानं मोबाइल खिशात टाकला.

आनंदीबाईंनी फोटो भिंतीवरून उतरवला. शहजादीनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि माहेरच्यांच्या देखत छातीशी धरला.