फ्रेंच कादंबऱ्या आणि आमचा प्रसाद

आमच्या रविवारच्या बैठकीत पुस्तकं किती वाचून झाली असं कुणी विचारलं, की आम्ही विषय बदलतो. किस्से किती झाले असं विचारलं, तर मात्र खुर्ची ओढून बसा! कादंबरीचं एक प्रकरण संपवायला आम्हाला आठवडा लागतो, किस्सा मात्र चहा गाळेपर्यंत तयार असतो. कुणीतरी ते लिहून ठेवायला हवेत म्हणून मीच बसले. कुणाची परवानगी घेतलेली नाही. घ्यायला गेले असते तर प्रत्येकाने आपापला किस्सा गाळायला लावला असता आणि माझ्या हाती फक्त चहा उरला असता.

बैठक म्हणजे माणसं पाच. मी मेधा, गाड्यांच्या ब्रेकच्या टेस्ट घेते. माझा नवरा मिलिंद, सॉफ्टवेअरवाला. शेजारच्या बिल्डिंगमधले प्रसाद आणि गौरी कुलकर्णी. आणि प्रसादचे बाबा, सांगलीकडच्या एका सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, सध्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. आम्ही राहतो स्टुटगार्टच्या बाजूला, बॉबलिंगेनमध्ये. रविवारी इथे दुकानं बंद, ड्रिल बंद, आणि वॉशिंग मशीन लावलं की खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. आवाज न करता करण्यासारखं एकच काम उरतं, ते म्हणजे वाचन.

*

आता बॉबलिंगेनमध्ये बसून फ्रेंच कादंबऱ्याच का? कारण त्या फुकट मिळाल्या!

इथे नको असलेलं सामान लोक खोक्यात भरून घराबाहेर ठेवतात आणि वर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी लावतात. एका चढावर मला असं खोकं दिसलं. आत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्या, जर्मन भाषांतरात, एकेक उशीएवढी जाड. सगळ्यांत विषय तेच. पैसा, लग्न, वारसा, हुद्दा, आणि कोण कुणाच्या घरी जेवायला जातो. मी दोन पिशव्या भरल्या आणि निघाले, तर मागून एक आजी हाका मारत धावत आल्या. "हालो! हालो!" वाटलं, यांचा विचार बदलला.

आजींनी रिकामं खोकं माझ्या हातात कोंबलं. "पुस्तकं नेता ना? मग हेही न्या. माझा रद्दी कागदाचा डबा भरलाय!"

पुस्तकं आणि खोकं घेऊन मी चढ चढले. समाज कसा चालतो ते मला पहिलं पान उघडायच्या आधीच कळलं होतं.

*

आमच्यात गौरीचं जर्मन सगळ्यांत चांगलं. ती आठवडाभर वाचते आणि रविवारी आम्हाला मराठीत गोष्ट सांगते. बाकीचे आम्ही इंग्रजीतून वाचतो, असं निदान सांगतो. बाबा फक्त ऐकतात.

पहिल्याच कादंबरीत गावाकडचा एक देखणा मुलगा पॅरिसला येतो. मोठ्या लोकांच्या घरात शिरायचं तर अंगावर कोट हवा, म्हणून शिंप्याकडून उधारीवर कोट शिवून घेतो. गौरीने हे इतकं रंगवून सांगितलं की मी त्या पोराच्या प्रेमातच पडले. मिलिंद म्हणाला, "महत्त्वाकांक्षा ही त्या काळाची शोकांतिका आहे." हे वाक्य त्याने पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरून उचललं होतं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "जामीन कोण?"

"कुणाला जामीन, बाबा?"

"कोटाला! पगार नाही, शेत नाही, ओळख नाही, आणि तो शिंपी खुशाल कापड फाडतो? आधी त्या शिंप्याला समोर बसवा."

प्रसाद वैतागला. "अहो बाबा, ही कादंबरी आहे!"

"मग? माझ्याकडे कर्ज मागायला यायचे ते लोक वेगळं काय सांगायचे?"

पुढे पाचशे पानांनंतर तो शिंपी बुडाला. बाबांनी फक्त आमच्याकडे बघून घेतलं. तेव्हापासून गोष्टीत नवा हिरो आला की आम्ही सगळे आधी बाबांच्या तोंडाकडे बघतो.

*

मग गौरीने एक नियम काढला. कादंबरी संपली की आपल्यातलं कोण त्यातला कोण, ते ठरवायचं. झालं, पहिल्याच दिवशी भांडण! काउंटेस व्हायला मी आणि गौरी दोघी तयार. बँकर व्हायला प्रसाद उड्या मारत तयार. पण गोष्टीत घरच्यांना मेणबत्त्या मोजून देणारा एक चिक्कू म्हातारा होता, तो कुणालाच नको.

मी सरळ मिलिंदकडे बोट दाखवलं. हा माणूस ऐन जानेवारीत हीटरचं पाच आकड्यांचं बटण दोनच्या पुढे जाऊ देत नाही. पाहुणे आले की दारातच सांगतो, "जॅकेट राहू द्या अंगात, छान दिसतंय!"

मिलिंदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी चिक्कू नाही! मी श्वाबियन झालोय!"

आमच्या भागातले मूळचे लोक ते श्वाबियन, आणि त्यांच्या काटकसरीची सगळी जर्मनी टिंगल करते. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात फ्राउ हेबर्ले भेटल्या तेव्हा मी त्यांना हा सगळा प्रकार सांगून टाकला. मिलिंद शेजारीच उभा होता. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"दोनवर?" त्या म्हणाल्या. "आम्ही एकवर ठेवतो."

*

आम्ही सगळे या कादंबऱ्या करमणुकीसाठी ऐकत होतो. प्रसाद त्या कोचिंग क्लाससारख्या ऐकत होता!

"तुमच्या लक्षात आलंय का?" तो एकदा म्हणाला. "यात कुणीही काम करून वर जात नाही. सगळे दिवाणखान्यातून वर जातात."

प्रसादला ग्रुपेनलायटर व्हायचं होतं, म्हणजे टीमचा साहेब. तशी एक जागा कंपनीच्या न्युरेम्बर्गच्या ऑफिसात निघाली होती. तिथे कुणाला पाठवायचं ते ठरवणार होते त्याचे बॉस, हेर केसलर, म्हणजे केसलरसाहेब. आता इंजिनिअरिंगच्या ऑफिसात दिवाणखाना कुठून आणायचा? तर प्रसादने शोध लावला, कॉफी मशीनची खोली! केसलर दिवसातून बऱ्याचदा तिथे येतात. प्रसादही तिथे उभा राहायला लागला. हवामान, फुटबॉल, केसलरांची सायकल, सगळ्या विषयांवर मतं घोटून तयार. आपल्याकडे बघून लोकांना काही वाटू नये म्हणून हातात फडकं घेऊन मशीन पुसत राहायचा.

काही आठवड्यांनी केसलरांची मेल आली, सगळ्या डिपार्टमेंटला. प्रसादने श्वास रोखून उघडली.

'आपल्या कॉफी मशीनबद्दल इतकी आस्था असलेला सहकारी आपल्यात आहे याचा मला आनंद वाटतो. यापुढे मशीन साफ करण्याची जबाबदारी हेर कुलकर्णी यांच्याकडे राहील.'

प्रसादने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून आडवे झालो. बाबा तेवढे गंभीर. "हुद्दा मागितलास, मिळाला. आता निभाव!"

*

गौरी पुण्यात इंजिनिअर होती. इथे आली ती प्रसादच्या मागून, लग्न झालं म्हणून. बरीच वर्षं घरी बसली. मग तिने कीटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, शिकवायचं ठरवलं. त्यासाठी तीन वर्षं आउसबिल्डुंग केलं, म्हणजे रीतसर शिक्षण, तेही विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून. या वर्षी तिला इथल्याच एका कीटात कायमची नोकरी लागली. त्या दिवशी ती आमच्या सोफ्यावर बसून रडली, आणि मीही रडले. मिलिंदने हीटर तीनवर नेला, यावरून काय ते समजा.

तर गौरी आमची फ्रेंच कादंबरी कीटातल्या पोरांनाही सांगते, प्राण्यांची करून. गावाकडचा कोल्हा शहरात येतो, टोपी घालतो, अस्वलांच्या पार्ट्यांना जातो, खोटं बोलतो, आणि शेवटी शहरातलं सगळ्यांत मोठं घर मिळवतो.

चार वर्षांच्या लेनीने हात वर केला. "कोल्ह्याला मित्र आहेत का?"

गौरी म्हणाली, "आता नाही राहिले."

"मग एवढं मोठं घर कशाला?"

आम्ही वा वा करत होतो. तेवढ्यात गौरी प्रसादकडे वळली. "आणि मी तुला आधीच सांगून ठेवते, मी न्युरेम्बर्गला येणार नाही. ही नोकरी मी सोडणार नाही."

"अगं, आधी जागा मिळू तर दे! मिळाल्यावर बघू."

"मिळाल्यावर तू बघशील. मी आत्ताच बघितलंय."

न्युरेम्बर्ग काही रोज जाऊन येण्यासारखं नाही, हे पाचही जणांना ठाऊक होतं. आम्ही तिघांनी आपापल्या कपात डोकं घातलं. एरवी कुणाच्याही संसारात नाक खुपसायला मी तयार असते, पण त्या दिवशी माझीही हिंमत झाली नाही.

*

प्रसाद काही ऐकणाऱ्यातला नव्हता. कादंबरीतली शेवटची युक्ती त्याने बाहेर काढली. साहेबाला जेवायला बोलवायचं, आणि स्वतःची स्तुती स्वतः न करता दुसऱ्यांकडून करवून घ्यायची! केसलरांना मेल टाकली आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, 'येतो.' आम्ही चाटच पडलो. इथे माणसं जेवायला यायचं म्हणजे सहा आठवडे कॅलेंडर चाळतात.

प्रसादने आम्हाला कामं वाटून दिली. मिलिंदने प्रसाद किती हुशार ते सांगायचं. मी दुभाषी, कारण बाबा मराठीशिवाय बोलायला तयार नव्हते. "त्याच्या घरी गेलो तर जर्मन शिकून जाईन. माझ्या मुलाच्या घरी तो मराठी ऐकेल!" दुभाषी खरं तर गौरीनेच व्हायचं, पण तिच्यावर प्रसादचा या बाबतीत काडीचा भरवसा नव्हता.

रविवारी एकच्या ठोक्याला केसलर दारात. एकटेच. हातात गौरीसाठी फुलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, सगळं वाढलं आणि ते असे जेवायला लागले की मिलिंदला स्तुतीचं वाक्य घुसवायला जागाच मिळेना. शेवटी त्याने घाईघाईत सांगितलं, "प्रसाद फार हुशार आहे, भाजी घ्या!"

मग केसलरांनी मान वर केली आणि बाबांना विचारलं, "तुमचा मुलगा न्युरेम्बर्गला साहेब झाला तर तुम्हाला आनंद होईल ना?"

मी मराठीत सांगितलं. बाबा सावरून बसले.

"यांना सांग मेधा, माझ्या सुनेने या वयात पुन्हा बाकावर बसून नोकरी मिळवलीय. ती सोडायला लावणारा माझा मुलगा कोण? आणि त्याला तिकडे पाठवणारे हे तरी कोण? आनंद कसला व्हायचाय मला? मुलगा एका गावाला, सून दुसऱ्या गावाला, आणि मी फोन कुणाला लावू?"

प्रसादने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मी केसलरांना म्हटलं, "बाबा म्हणतात, त्यांना फार अभिमान वाटतो."

केसलर चकित. "मराठी भारीच लांबलचक भाषा दिसते!"

"बाबा असं म्हणाले नाहीत." गौरी तूप घेऊन दारात उभी होती. तिने शांतपणे, स्वच्छ जर्मनमध्ये, बाबांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. 'हे तरी कोण' हेसुद्धा! प्रसादचा चेहरा पांढराफटक झाला. मी ताटातल्या मिठाकडे बघत बसले.

केसलरांनी चमचा खाली ठेवला. "मलाही एकदा अशीच जागा मिळाली होती," ते म्हणाले. "इथली. तेव्हा आम्ही म्युनिकला होतो. बायको म्हणाली, मी येणार नाही."

"मग?" गौरीने विचारलं.

"मी आलो."

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय?" या वेळी मी शब्द न शब्द सांगितला. बाबांनी केसलरांच्या ताटाकडे बघितलं. "मग जेवतो कुठे हा? विचार त्याला."

मी विचारलं.

"आठवडाभर कॅन्टीन असतं," केसलर म्हणाले. "रविवारीच जरा कठीण जातं."

बाबांनी आपल्या हाताने उचलून एक पोळी त्यांच्या ताटात टाकली. प्रसाद उठला. गौरीच्या हातातलं तुपाचं भांडं त्याने घेतलं आणि पोळीवर तूप वाढलं.

"हेर केसलर," तो म्हणाला, "न्युरेम्बर्गसाठी माझा विचार करू नका. पुढच्या रविवारी मी इथेच आहे. तुम्ही जेवायला या."

गौरी त्याच्याकडे बघत राहिली. मग साहेबांकडे वळली आणि मुद्दाम जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे साक्षीदार राहील,

"जरूर या! स्वयंपाक हा करणार आहे."