मुलं समाधानी आहेत

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. स्टाफरूममध्ये माझ्यासोबत चहा पिणाऱ्यांना थोडंफार माहीत असेल, पण ते विषय काढत नाहीत — त्यांचे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? मी स्वतः हे एकदाही तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आज तुमच्यापुढे काढते. ऐकून शिसारी आली तर येऊ द्या, मला रोज येते.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात जाहिरातीच्या पदवीच्या वर्गांना शिकवते. शिकवते — काय शब्द आहे! झेरॉक्सच्या नोट्स वाचून दाखवते. त्यातल्या जाहिरातींचे साबण बाजारातून केव्हाच गेले, पण आमच्या परीक्षेत अजून त्यांच्यावर प्रश्न येतो. कॅमेरा आहे, तो कपाटात. कपाटाची किल्ली प्राचार्य सरांकडे. एजन्सीतली माणसं येऊन शिकवतील, असं आम्ही प्रवेशाच्या पत्रकात छापतो. कोण येतं? कुणीही येत नाही. मुलं तीन वर्षं आमच्याच फेस्टची पोस्टरं बनवतात आणि आम्ही त्याला प्रॅक्टिकल म्हणतो.

हे सगळं चालू दिलं, तो माझा गुन्हा नाही — म्हणजे आहे, पण तो सगळ्यांचा आहे. माझा एकटीचा वेगळा. थांबा, सांगते.

मानसी माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. राहायला घाटकोपरला, मूळ मालवणकडची, वडील वायरमन. कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार आणि ती मुलांनाही भेटणार, हे कळल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, मी सगळं बोलणार हां. बोलू ना?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, बिनधास्त बोल, मी आहे.

तेव्हा मला ते खरंच वाटत होतं का? हो. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. धमकी नाही, काही नाही. मला कायम करायचा विषय पुढच्या मीटिंगला आहे, हे त्यांनी सहज सांगितलं, आणि मग म्हणाले, तुमच्या वर्गातली ती तोंडाळ पोरं जरा बघा. बघा, एवढंच. पुढची अक्कल माझी — ती कुणी शिकवली नव्हती.

कमिटीच्या दिवशी नकोशी मुलं बाहेर पाठवायची आमच्याकडे पद्धतच आहे. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणायचं त्याला. मानसी आणि तिच्या टोळक्याला मी सांगितलं, कमिटी मुलांना दुसऱ्या दिवशी भेटणार आहे, तर पहिल्या दिवशी तुम्ही गोरेगावला स्टुडिओत जाऊन जाहिरातीचं शूटिंग बघून या; माझी ओळख आहे, गेटवर नाव सांगा. मुलं यासाठी पहिल्या वर्षापासून माझ्या मागे लागली होती. अशी नाचली पोरं! आणि मी, जाहिरात शिकवणारी बाई, मनात खूश झाले — काय झकास जमलं म्हणून. सांगताना तोंड कडू होतंय, पण झाले खूश.

ओळख कसली? मी तिथे कुणाला साधा फोनसुद्धा केला नव्हता.

कमिटी मुलांना त्याच दिवशी भेटली. मी निवडलेली, पढवलेली मुलं पोपटासारखी बोलली. कमिटीत एक वयस्कर बाई होत्या, त्यांना काहीतरी संशय आला असावा. त्यांनी मलाच विचारलं, नाराज असं कुणीच नाही का? पर्समध्ये माझा फोन थरथरत होता. मानसीचा, दुसऱ्या कुणाचा असणार? वॉचमनने गेटवरून हाकलल्यावर ती मला पुन्हापुन्हा लावत होती. मी पर्स पायापाशी सरकवली आणि म्हणाले, "नाही मॅडम. आमची मुलं समाधानी आहेत."

इथवरचं सगळं भित्रेपणाच्या नावावर खपलं असतं. पुढचं नाही खपत.

मुलं उन्हात करपून परत आली. कमिटी मुलांना भेटून मोकळी झाली, हे मानसीला कळलं. मी म्हणाले, त्यांनी ऐनवेळी बदललं गं, माझ्या हातात काय होतं? ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिला माझीच कीव आली — म्हणजे तुम्हाला एकटीलाच सगळं सांगावं लागलं असेल ना, मॅडम? आणि मी मान हलवली. सांगितलं म्हटलं. कॅमेऱ्याचं, नोट्सचं, सगळं सांगितलं, आता सुधारेल बघ. तिचे डोळे भरून आले. मॅडमनी आपल्यासाठी नोकरी पणाला लावली, असं तिने वर्गात जाऊन सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून त्या घेतल्या.

त्याच महिन्यात मी कायम झाले.

जूनमध्ये मानसी आईला आणि धाकट्या बहिणीला, तन्वीला, घेऊन आली. तन्वीचा हात चित्रात चांगला. चेंबूरला चित्रकलेच्या एका कोर्सला तिला जागा मिळत होती. पण मानसीचं म्हणणं, आता इथे सगळं बदलतंय, मॅडम आहेत, मग इथेच का नको? आई माझे हात धरून म्हणाली, "तुमच्या भरवशार घालतंव हिका." चेंबूरलाच घाला — एवढं म्हणायचं होतं मला. का नाही म्हटलं? म्हटलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं, आणि त्या टाळ्या मला परत करायच्या नव्हत्या. घाला की, म्हणाले.

तन्वी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी त्याच नोट्स वाचून दाखवते. ती पानांच्या कडेला चित्रं काढायची, आताशा तीही काढत नाही.

गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या समाधानाचा सर्व्हे होता. मुलं वर्गात बसून मोबाइलवर भरतात आणि मी बाकांमधून फिरते, तीही पद्धतच. तन्वीपाशी आले तेव्हा तिचं बोट थांबलं होतं. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मग प्रत्येक प्रश्नाला 'अत्यंत समाधानी' दाबत गेली आणि हळूच म्हणाली, "ताईने सांगितलंय मॅडम, तुमचं नाव खराब होईल असं काही भरायचं नाही."

मी तिला शाबास म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.