ललतची वेळ टळली

मित्रहो, लग्नाआधी गाणे शिकलेल्या माझ्या पत्नीला सूर्योदयापूर्वी गायचा ललत राग एकदा समोर बसून ऐकायचा होता. म्हणून आज पहाटे राहात्याहून निघून आम्ही नगरच्या प्रभातमैफलीला साडेपाचच्या ठोक्याला हजर झालो.

गायक तानपुरे जुळवून बसले होते, पण प्रमुख पाहुणे आले नव्हते.

मी विचारल्यावर आयोजक म्हणाले, "काका, साहेब निघालेत. दीपप्रज्वलनाशिवाय सुरू कसं करायचं?"

साहेब पावणेआठला आले. सत्कार झाले. मग गायकांनी हात जोडले. "ललतची वेळ टळली. आता तोडी गातो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, पुन्हा नका आणू मला."

तिला काय उत्तर द्यावे, हे आपण सांगाल का?