बांगड्यांची भिंत

उन्हं कलली की भागाबाईची भिंत जागी व्हायची. दिवसभर ती साधी मातीची असे, शेणाने सारवलेली. पण सूर्य नदीपलीकडच्या निंबांवर टेकला की तिच्यात हजार डोळे उघडत. हिरवे, लाल, आमसुली, मोरपंखी. अंगणातल्या शेळीच्या पाठीवर रंग हलायला लागत आणि रवंथ करता करता शेळी थांबे. घाईत असलेला माणूसही त्या घरापाशी सायकलवरून उतरून पायी चालत जाई. खोटं वाटत असेल तर त्या गल्लीत कोणालाही विचारा.

भिंतीत फुटक्या बांगड्या होत्या. भागाबाईने त्या आठ वर्षं बसवल्या होत्या.

तिचा नवरा भिका तेलाच्या गिरणीत हमाल होता. एक्याऐंशी साली तापाने गेला. बायांनी रीतीप्रमाणे तिचा हिरवा चुडा फोडला, काच सुपात भरली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या सिमेंटच्या कुंडीत टाकून आल्या. चौथ्या दिवशी सकाळी भागाबाई त्या कुंडीपाशी गेली. राख, केळीची सालं, विटलेली भाजी तिने हातांनी बाजूला सारली. तिच्या चुड्याचे तीन तुकडे सापडले. पण ते शोधताना इतरांचेही किती निघाले! बाया बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कुणाची भांडी घासताना वाढलेली, कुणाची आखाजीच्या सणाला झोका घेताना. तिने सगळे तुकडे पदरात घेतले.

आपले तीन तिने वळचणीखाली, पाऊस पोचत नाही अशा जागी बसवले. बाकीचे खाली पसरत गेले. मग तिचा तोच धंदा झाला. बाटल्या, पत्रा, रद्दी भंगारवाल्याकडे जाई, काच भिंतीकडे. ओल्या मातीत अंगठ्याने तुकडा दाबताना ती पुटपुटे, "हाई मंदाबाईनी. हाई मास्तरना सूननी." कोणत्या घराचा केर कोणत्या कुंडीत पडतो हे तिला पाठ होतं.

एकोणनव्वद साली नगरपालिकेने भंगाराचा ठेका दिला. कुंड्यांवर 'न. पा.' ही पांढरी अक्षरं होतीच. आता चौकात फळाही लागला. कुंडीत पडलेली प्रत्येक वस्तू पालिकेच्या मालकीची, परवानगीशिवाय उचलणं गुन्हा. ठेकेदाराच्या माणसाने भागाबाईची भिंत पाहिली आणि तक्रार केली.

पालिकेचा मुकादम झुलाल छिन्नी-हातोडी घेऊन आला, तेव्हा ऊन उतरत होतं.

"भागाबाई, कुंडीतला माल घरी ठेवता येत नाही. ही काच पालिकेची आहे. काढून नेण्याचा हुकूम आहे."

"ऑफिसमा जाईसन पुस्तकनं बोलाले शिकी गया रे झुलाल!" भागाबाई म्हणाली. "बठ्ठी ली जाशी?"

"बठ्ठी," 'सगळी' म्हणायच्या ऐवजी झुलालच्या तोंडून गावचं बोलणं निसटलं.

भागाबाईने वळचणीकडे बोट केलं. "वरना तीन तुकडा मना चुडाना शेतस. त्या बी पालिकाना?"

झुलालने वर त्या तुकड्यांकडे पाहिलं. भिकाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता.

"कुंडीमा पडनं म्हंजे पालिकानं, अक्का. मी काय करू?"

"मंग ली जा."

त्याने छिन्नी टेकवली, हातोडी उचलली. तेवढ्यात सूर्य निंबांवर आला आणि भिंत जागी झाली. झुलालच्या खाकी सदऱ्यावर लाल थेंब उतरले, नखांवर हिरवं पाणी चढलं. उगारलेला हात त्याने हळूच खाली घेतला. ओट्यावर बसून तो कितीतरी वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिला.

मग उठून गेला आणि चुन्याचा डबा अन् कुंचला घेऊन परत आला. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात त्याने ठसठशीत लिहिलं, 'न. पा.'

"आते हाई पालिकानी भीत. ठेकेदार बी हात लावाव नही."

भागाबाईने अक्षरांकडे पाहिलं. "आनि मी?"

"तू बी नही, अक्का."

"मंग पानी पडाना पहिले माती लाईसन भीत लिपी कोन? तुना साहेब?"

झुलाल चुन्याचा डबा उचलून चालता झाला.

पण पावसाळ्याच्या तोंडावर तो पांढऱ्या मातीचं टोपलं डोक्यावर घेऊन हजर झाला. पुढे दरसाल येत राहिला. भागाबाई खाटेवरून ओरडे, "डोया बुजाडू नको रे!" आणि तो बोटाच्या टोकाने एकेक काच मोकळी करी. भिंत वाढतही राहिली. गल्लीतल्या बाया आता वाढलेली बांगडी कुंडीत टाकत नसत. नारळाच्या करवंटीत घालून ओट्यावर ठेवत. कुंडीच्या काठाअलीकडे पालिकेचं काही चालत नाही, हे त्यांना फळा वाचूनच कळलं होतं.

लिंपण झालं की भागाबाई पाटावर चढे आणि वळचणीखालचे तीन हिरवे तुकडे पदराने पुसे. ते मात्र कुंडीतलेच होते. त्यांना हात लावायची तिला मनाई होती.

तेवढा वेळ झुलाल पाठ फिरवून नदीकडे बघत उभा राही.