सुईकाका आणि अकरा कुत्री

गावातली यच्चयावत कुत्री ज्याला बघून पलंगाखाली घुसतात, तोच माणूस कुत्र्यांना घाबरतो म्हटलं तर कुणीही हसेल. पण सुईकाका घाबरले होते. साधेसुधे नाही, पार पाचावर धारण बसली होती त्यांची.

सुईकाका म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. डॉक्टरबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेली. गावात घरटी एक कुत्रं, आणि प्रत्येक कुत्र्याला काकांनी कधी ना कधी टोचलेलं. काका गल्लीत शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत भुंकणं बंद. निवृत्त हेडमास्तरांचा ‘हजर’ नावाचा दांडगा कुत्रा तर काकांचा आवाज ऐकला की कपाटामागे तोंड खुपसायचा. काकांना याचा कोण अभिमान होता!

मग हे झालं कसं? एका प्लगमुळे.

दवाखान्यात लशींचा छोटा फ्रीज होता. बाईंचा नियम असा की सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान बघायचं आणि दारावर टांगलेल्या कागदावर आकडा लिहायचा. आकडा कायम चार. सुरुवातीची काही वर्षं काका बघून लिहायचे. मग लिहून बघायला लागले. आणि पुढे पुढे नुसतंच लिहायला लागले. कुणाच्या बापाला शंका येणार होती? चार तर चार.

त्या शनिवारी दुपारी एक केसाळ कुत्रं आलं, अंगभर केसांच्या नुसत्या गाठी. केस कापायचं मशीन लावायचं तर भिंतीतल्या दोनपैकी एक सॉकेट बंद. काकांनी फ्रीजचा प्लग काढला, मशीन लावलं, कुत्रं चकाचक करून दिलं. संध्याकाळी कागदावर ‘चार’ लिहिलं आणि कुलूप लावून घरी गेले. रविवारची सुट्टी. ऐन उन्हाळा. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा प्लग फरशीवर पडलेला आणि लशीच्या बाटल्या कोमट.

पिसाळण्याच्या रोगाची लस होती ती. बाहेर बाकांवर माणसं कुत्री घेऊन बसलेली. बाई अजून यायच्या होत्या. काकांनी प्लग लावला आणि उभ्या उभ्या स्वतःची समजूत घातली: दोन दिवसांनी काय होतंय? बाटली दिसायला तर तशीच आहे. बाई आल्या, एकेक कुत्रं तपासत गेल्या आणि काका टोचत गेले. त्या दिवशी अकरा कुत्री झाली. अकरावी काकांची घरचीच, चिंधी. बायको मुद्दाम घेऊन आली होती तिला. बायकोसमोर ‘आज नको’ म्हणायला तोंड उघडलं नाही बघा! उरलेल्या बाटल्या मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘हातातून खोका पडला’ म्हणून फेकून दिल्या. म्हणजे मनात काय ते ठाऊक होतंच की.

आठवड्याने बातमी आली. नदीपलीकडच्या वस्तीत एक भटकं कुत्रं पिसाळलं, चार-दोन कुत्र्यांना चावलं आणि मेलं. कुणाच्या कुत्र्यांना, ते कुणालाच माहीत नव्हतं.

झालं! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पिसाळलेल्या कुत्र्याला पाणी गिळता येत नाही, लाळ गळते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून कामावर जाता-येता ते बाकीच्या दहाच्या दहा घरी डोकावायला लागले. ‘हजर पाणी पितोय ना मास्तर?’ ‘जरा वाटी ठेवा बरं त्याच्यापुढे.’ कुत्रं पलंगाखाली, आणि काका फाटकात उभे, ते बाहेर येऊन पाणी पिईपर्यंत हलायचं नाही. लोक म्हणायचे, ‘असा माणूस मिळणार नाही हो! टोचून झालं तरी चौकशी करतो.’ हेडमास्तर तर एकदा चारचौघांत म्हणाले, ‘देवमाणूस!’ काकांना वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

घरी त्यांनी चिंधीला मागच्या अंगणात बांधून टाकलं. शाळेतून आली की चिंधीच्या गळ्यात पडणारी पाच वर्षांची नात रडून रडून लाल झाली. काका कधी नव्हे ते तिच्यावर ओरडले, ‘तिच्याजवळ जायचं नाही म्हटलं ना!’ बायको मात्र दोन वेळा ताटली घेऊन मागे जायची, मुक्या जनावराची समजूत घालत तिला हाताने भरवायची आणि रिकामी ताटली घेऊन परत यायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं काकांना जेवताना, दाढी करताना, रस्त्याने चालताना नुसती लाळच दिसायची.

दीड महिना असा गेला. आणि एका सकाळी टेलरबाई आपला छोटा कुत्रा ‘बटण’, त्या अकरांतलाच एक, पोटाशी धरून दवाखान्यात शिरल्या.

बटणचं तोंड उघडंच्या उघडं. लाळेच्या तारा टेलरबाईंच्या कोपरापर्यंत आलेल्या.

‘कालपासून पाणी नाही हो पीत,’ त्या रडत म्हणाल्या. ‘हाड अडकलं असेल म्हणून मी हात घालून बघितलं. लागेना हाताला काही.’

टेलरबाईंची बोटं काकांना दिसत होती. आयुष्यभर सुई चालवलेली, जागोजागी टोचलेली बोटं.

डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, ‘काका, याची लस?’

‘झालीय. दीड महिन्यापूर्वी.’ आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं.

‘मग ठीक आहे,’ म्हणत बाईंनी बाह्या सरसावल्या आणि उघडा हात बटणच्या तोंडाकडे नेला.

काकांनी बाईंचं मनगट धरलं. बावीस वर्षांत त्यांनी बाईंना कधी स्पर्श केला नव्हता. ‘नका बाई, हात घालू नका! ती लस खराब होती. फ्रीज बंद होता. दोन दिवस. मला माहीत होतं, बाई!’

बाईंनी काकांकडे बघितलं, फार वेळ नाही. मग टेलरबाईंना नळाखाली उभं केलं. ‘साबण लावून पंधरा मिनिटं हात धुवायचे. मग सरळ दवाखान्यात, माणसांच्या. इंजेक्शनं आजच सुरू करायची. हसण्यावारी न्यायचं नाही, टाळायचं नाही.’ स्वतः जाड हातमोजे चढवले, कुत्र्याला गुंगी दिली आणि बॅटरी घेऊन आत बघितलं.

बराच वेळ गेला. काका भिंतीला टेकून खाली बसले होते. चिमट्याने बाईंनी काहीतरी ओढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. टण्ण असा आवाज झाला. टेलरबाईंचीच सुई, मागे वीतभर निळा दोरा. टाळूत आडवी रुतलेली.

गुंगी उतरल्यावर बटण वाटीभर पाणी प्यायला, मग आणखी वाटीभर. टेलरबाई हसत-रडत राहिल्या. काकांचा मात्र जीव भांड्यात पडला नाही. सांगून झालं होतं.

बाईंनी नव्या लशीचा बर्फाचा डबा आणि घरांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. ‘नोकरीचं नंतर बघू. आधी दहा घरं. प्रत्येक दारात आधी खरं सांगायचं, मग सुई.’

काका गेले. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, हजरला स्वतः कपाटामागून ओढून काढलं, टोचून झाल्यावर काकांच्या तोंडावर दार लावलं. एका घरी आईमाईवरून शिव्या मिळाल्या. एका घरी म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस बाबा,’ आणि ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

दहावं घर त्यांचं स्वतःचं.

मागच्या अंगणात बायको चिंधीला भरवत बसली होती. काकांनी डबा खाली ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. प्लग, चार आकडा, नदीपलीकडचं कुत्रं, सगळं.

तिने ऐकलं. मग चिंधीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. ‘टोचा.’

काकांनी टोचलं. चिंधी कुईकुई करत तिचे हात चाटायला लागली.

‘म्हणून बांधलीत हिला,’ बायको म्हणाली. ‘पोरीला जाऊ देत नव्हतात.’

‘हो ना. पोर लहान आहे, काही झालं असतं तर...’

‘आणि मी?’ ती म्हणाली. ‘दीड महिना रोज दोन वेळा हाताने भरवलंय मी हिला. तुमच्या डोळ्यांदेखत.’

अकरा घरांच्या काळजीत हे काकांच्या खरोखर ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं? ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

ती उठली, नळापाशी गेली आणि साबण घेऊन हात धुवायला लागली. कितीतरी वेळ धूत राहिली. काका शेजारी टॉवेल धरून उभे राहिले. धुऊन झाल्यावर तिने हात नुसते झटकले आणि ओल्या हातांनीच घरात निघून गेली.