पाच नंबरच्या खोलीचा पारा

किळसबाई हे नाव तिला शीतगृहातल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते अगदीच खोटं होतं असं नाही. कॅन्टीनचा पेला रुमालाने पुसल्याशिवाय ती तोंडाला लावत नसे. दार कोपराने ढकलायची. शेजारच्याने चावलेलं पेन दिसलं तरी मान दुसरीकडे फिरवायची. अशा बाईने मासळी-मांसाच्या गोदामात नोकरी कशी धरली, असं लोक हसून विचारायचे. पण त्यात कोडं काही नव्हतं. मांस खाली होतं आणि ती वर. मध्ये दोन जिने आणि एक जाडजूड दरवाजा. तिच्यापर्यंत पोचायचे ते फक्त आकडे, आणि आकड्यांना काही वास येत नाही, असा तिचा समज होता.

शीतगृह मोठं होतं. रुग्णालयं, वसतिगृहं, वृद्धाश्रम अशा ठिकाणच्या स्वयंपाकघरांना गोठवलेलं मांस तिथून जायचं. प्रत्येक खोलीत पारा मोजणारा एक सेन्सर. त्या सगळ्यांचे आकडे रोज पहाटे एक नोटबुक गोळा करायचं. नोटबुक म्हणजे वही नव्हे. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवर, ज्याला सगळे क्लाउड म्हणतात, तिथे ठेवलेला तो एक प्रोग्राम. त्याला वेळ लावून दिलेली होती. गजर झाल्यासारखा तो आपला आपण उठायचा, आदल्या दिवसाचे आकडे ओढून आणायचा, त्यांचा तक्ता करायचा, तो तक्ता फाइलमध्ये साठवायचा, ती फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेलने पाठवायचा आणि पुन्हा झोपायचा. काम पार पडलं की साहेबांच्या केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची. साहेबांचा दिवस त्या हिरव्या खुणेने सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचाही.

हा प्रोग्राम लिहिला होता 'जावयाने'. तो साहेबांच्या बहिणीचा जावई, म्हणून अख्खं ऑफिस त्याला पाठीमागे जावई म्हणायचं आणि तोंडावर सर. त्याला बढती मिळाली, केबिन मिळाली, आणि नोटबुक किळसबाईच्या गळ्यात पडलं.

"यात हात घालू नकोस," त्याने बजावलं. "चाललंय ते चालू दे."

पण तिचा स्वभाव आडवा आला. दुसऱ्याने वापरलेली वस्तू ती आतून-बाहेरून बघितल्याशिवाय घेत नसे, मग दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम तसाच कसा घेणार? ती एकेक ओळ वाचत गेली. आणि पहिल्याच वाचनात तिला दिसलं की फाइलचं नाव रोज एकच असतं. आजची साठवली की कालची पुसली जाते. एवढी यंत्रं, एवढा खर्च, आणि हाताशी राहतो फक्त एका दिवसाचा तक्ता.

ती जावयाकडे गेली. "सर, मागच्या दिवसांचा पारा कुठे ठेवतो आपण?"

"कालचा पारा घेऊन करायचंय काय?" तो म्हणाला. "लोणचं घालायचंय?"

तिने वाद घातला नाही. जुनी ओळ होती तशी ठेवून तिने खाली एक ओळ वाढवली. तोच तक्ता आणखी एका फाइलमध्ये, तारखेचं नाव देऊन, कायमच्या जागेत साठवायचा. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काही दिवसांनी तिने त्या फाइल्स शेजारी शेजारी मांडल्या. बाकीच्या खोल्यांचा पारा खालीवर होत होता. दार उघडलं की चढायचा, बंद झालं की उतरायचा. पाच नंबरच्या खोलीत मात्र सकाळी उणे अठरा पूर्णांक चार, दुपारी उणे अठरा पूर्णांक चार, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच. जणू त्या खोलीचं दार कुणी कधी उघडलंच नव्हतं.

ती परत प्रोग्राममध्ये शिरली आणि तिला ती जागा सापडली. सेन्सरकडून आकडा आला नाही, तर कालच्या फाइलमधला शेवटचा आकडा उचलायचा आणि आजच्या तक्त्यात भरायचा. शेजारी जावयाने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: 'रिकामी जागा वाईट दिसते.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. फडताळात मेलेला उंदीर सापडावा आणि घरातल्या कुणीतरी त्यावर नीट घडी घालून टॉवेल ठेवलेला असावा, तसं तिला वाटलं.

ती खाली गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

कोठीवाले काका खाली खुर्ची टाकून बसले होते. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. "पाच नंबर उघडा," ती म्हणाली.

"तुम्ही?" काका हसले. "बघा हं, नाकाला पदर लावायचा तर आत्ताच लावा."

दार उघडलं आणि तिला वाटलं, कुणीतरी ओलं फडकं तोंडावर मारलं. थंडी नव्हती. थंडीचं नुसतं सोंग होतं. खोके एकमेकांवर रेलून पोटात दबले होते. त्यांच्या कडांतून तांबूस पाणी गळून लादीवर साचलं होतं, गोठलं होतं, पुन्हा वितळलं होतं. बुटाखाली काहीतरी मऊ चिरडलं. खाली बघायचं तिने टाळलं. भिंतीवरचा सेन्सर एका वायरीला उलटा लोंबकळत होता.

"हा कधीपासून असा?"

"बरेच दिवस झाले. मशीनही कधी चालतं, कधी बसतं. लाथ घातली की चालतं." काका मजेत सांगत होते. "वर कळवलं होतं की. वरून म्हणाले, पडद्यावर तर सगळं हिरवं आहे, तुमचंच डोकं फिरलंय. मग आम्ही तरी कशाला ओरडत बसू?"

"आणि हा वास?"

"मला नाही येत. मागच्या आजारपणात नाक गेलं माझं. सुखी आहे बघा!" आणि ते खो खो हसले. तेवढ्यात दोन हमाल आले आणि वरचे खोके उचलून न्यायला लागले.

"हे कुठे चाललंय?" तिचा आवाज चिरकला.

"वसतिगृहाला. वरचे जरा बरे असतात, ते आधी जातात. खालच्यांचं नंतर बघू."

ती कशीबशी बेसिनपर्यंत पोचली. सकाळचं सगळं बाहेर पडलं.

तोंड धुऊन ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब चहात बिस्किट बुडवत होते, जावई समोर बसला होता. तिने सगळं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता चावत होते, आणि ओल्या बिस्किटाचा लगदा त्यांच्या दातांत इकडून तिकडे फिरताना तिला दिसत होता.

"पुढच्या आठवड्यात रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई पाहणीला येणार आहेत," साहेब म्हणाले. "त्या गेल्या की खोली साफ करून घेऊ. एवढं आकाशपाताळ एक करायला काय झालं?"

"आणि तोवर तक्त्यात खोटा आकडा?"

"खोटा कसा?" जावई म्हणाला. "सेन्सरनेच दिलेला आकडा आहे. जुना आहे, एवढंच. रिकामी जागा ठेवली तर आलेख तुटतो. साहेबांना तुटका आलेख चालत नाही."

"गाडी तरी थांबवा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "गाडी गेली असेल." मग बोटांवरचे बिस्किटाचे कण झटकून ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला जरा जास्तच किळस येते हो. घरी जा, आराम करा."

ती घरी गेली नाही. जागेवर बसून तिने वसतिगृहाला फोन लावला. तिथल्या स्वयंपाकीण बाई फोनवर आल्या.

"आज आमच्याकडून आलेलं मांस शिजवू नका," ती म्हणाली. "खराब आहे."

 बाईंचा पारा चढला. "आता सांगताय होय? गेल्या खेपेला माल परत न्या म्हणून सांगितलं होतं आम्ही. तुमच्याच लोकांनी तोंडावर तक्ता मारला! म्हणाले, आमचा पारा बरोबर आहे, तुमचा फ्रीज बिघडलाय. आमची मॅनेजर मलाच ओरडली, तोच माल शिजवायला लावला. आठवडाभर पोरींची पोटं बिघडलेली, आणि मी भांडी घासून घासून मेले."

तो तक्ता तिच्याच नोटबुकातून गेलेला होता. तिने स्वतः सांभाळलेला, रोज सकाळी हिरवी खूण मिळवणारा. तिने "माफ करा" म्हटलं, पण ते शब्दही तिला चिकट वाटले.

संध्याकाळी ताटावर बसून ती नुसती घास चिवडत राहिली. नवरा म्हणाला, "नोकरी आहे ती. सगळं अंगाला लावून घेतलंस तर कसं होणार? दुसरीकडे काय धुतल्या तांदळाचे बसलेत?"

सासूबाई शेजारीच जेवत होत्या. त्यांचा जन्म वॉर्डात नर्सची नोकरी करण्यात गेला होता. पू, रक्त, ओकाऱ्या सगळं त्यांनी काढलेलं, आणि सुनेच्या सोवळेपणाची थट्टा करायची एकही संधी त्या सोडत नसत. त्या मुलाला म्हणाल्या, "तू गप रे. मी चाळीस खाटांची घाण काढली, पण पट्टी न बदलता बदलली असं कधी लिहिलं नाही. जी लिहायची, तिच्या हातचं पाणी पीत नव्हते मी." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या हातात काय आहे ते सांग."

"खोटा आकडा भरणारी एक ओळ आहे," सून म्हणाली.

"मग ती काढून टाक. आणि आता जेव. उपाशी राहून कुणाची घाण निघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने ती ओळ खोडली. आकडा आला नाही तर जागा कोरी राहील, आणि एकही जागा कोरी असेल तर हिरवी खूण न येता पडदा लाल होईल, असं लिहून ठेवलं. पुढच्या पहाटे नोटबुक नेहमीप्रमाणे उठलं, खरा तक्ता साठवून मोकळं झालं आणि नेहमीप्रमाणे सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवूनही बसलं.

साहेब आले तेव्हा पडदा लालभडक होता. पाच नंबरच्याच नव्हे, ज्यांचे सेन्सर अधूनमधूनच आकडे देत होते अशा आणखी दोन खोल्यांच्या रकान्यांतही शुकशुकाट होता. साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर पडद्याची वायर उपटली. पण ईमेलची वायर कुठे उपटणार? फोन खणखणायला लागले. जावई तिच्या टेबलापाशी येऊन दातओठ खात म्हणाला, "ज्या ताटात खाल्लंस त्यालाच भोक पाडलंस!"

"त्या ताटात काय वाढलं होतं ते बघून आले मी," ती म्हणाली.

रुग्णालयाच्या प्रमुख बाई पुढच्या आठवड्याची वाट न बघता दुपारीच हजर झाल्या. साहेबांनी चहा मागवला. त्या उभ्याच राहिल्या. "पाच नंबर दाखवा." साहेब म्हणाले, किल्ली सापडत नाहीये. किळसबाई उठली, काकांकडून किल्ली घेतली आणि स्वतः पुढे झाली. दार उघडल्यावर साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरकले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्या वासापेक्षाही तिला त्याची जास्त शिसारी आली.

तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. माल ट्रकांत भरून पुरायला नेला. महिन्याभरात निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मालकांनी साहेबांना दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं, पण जाण्याआधी साहेबांनी नोटीस बोर्डावर एक पत्रक लावलंच: 'आमच्या डिजिटल यंत्रणेने धोका वेळीच ओळखला.' खाली जावयाचा हसरा फोटो. निरोप समारंभात यंत्रणेबद्दल दोन शब्द बोलायला तिलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, मला मळमळतंय. सगळे हसले, किळसबाईच ती, म्हणून. ती खरंच सांगत होती.

वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बाईंनी तिला पुन्हा कधी फोन केला नाही. तिने एकदा केला, तर त्या म्हणाल्या, "आम्ही आता माल दुसरीकडून घेतो," आणि ठेवून दिला. त्यांचं काही चुकलं असं तिला वाटलं नाही.

ती मात्र तिथेच राहिली. आपण सोडून गेलो तर येणारा माणूस ती ओळ परत घालेल, हे तिला माहीत होतं. नवा साहेब आला. त्यालाही लाल रंग आवडत नव्हता, पण एवढं झाल्यावर उघड बोलायची त्याची छाती नव्हती.

पुढच्या वर्षी जावयाचा फोन आला. तोही एव्हाना ही जागा सोडून औषधं साठवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या पदावर गेला होता. जुना वादच नसावा अशा गोड आवाजात त्याने तिची विचारपूस केली. मग म्हणाला, "ती तुझी तारखेवाली ओळ होती ना, रोजची वेगळी फाइल ठेवणारी? आणि ती कोरी जागा कोरीच ठेवणारी? इथे तपासणी येतेय. पाठवशील?"

 फोन आपटावा, दोन शिव्या हासडाव्यात, असं फार वाटलं. पण तिथे औषधं होती, आणि ती कुणाच्या तरी तोंडात जाणार होती. तिने दोन्ही ओळी पाठवल्या. वर एक शब्द लिहिला नाही. लगेच त्याचा आभाराचा निरोप आला, सोबत हात जोडल्याचं चित्र. तिने त्याचा नंबर ब्लॉक केला आणि साबणाने हात धुतले.