काच रिकामी होती

"सही कशाची मागताय साहेब? वाचून तरी दाखवा."

"त्यात वाचायचं काय, मामा? तुमचं दुर्लक्ष झालं, बॉयलरमधलं पाणी संपलं. एवढंच."

"एवढंच? ह्या 'एवढंच'नं माझं लायसन जातंय की!"

मॅनेजर कागद घेऊन बॉयलरपाशी आला होता, कारण मामा बॉयलर सोडून हलत नसे. धुलाई कारखान्यात सगळे त्याला बॉयलरमामाच म्हणत. दवाखान्यांच्या चादरी तिथं ढिगानं यायच्या आणि त्या उकळायला, इस्त्री करायला लागणारी वाफ मामा पुरवायचा. सत्तावीस वर्षं.

बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते. तिच्यात पाणी जिथवर, आतही तिथवर. पण गंमत अशी, की नळी काठोकाठ भरली काय नि ठणठणीत कोरडी झाली काय, दिसायला सारखीच. म्हणून जाणता माणूस नुसता बघत नाही, खालचा कॉक, म्हणजे तोटी, सोडतो. पाणी आलं तर भरलेली, नुसती वाफ फुसफुसली तर रिकामी. आणि रिकामी निघाली तर पंपाला हात लावायचा नाही, आधी आग बंद करायची. तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर बॉयलर भिंतीसकट उडतो. हे मामानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण झोप होती कुठं?

दुसऱ्या पाळीचा गडी काम सोडून गेला, तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "मामा, तुमच्यासारखा काटक माणूस असताना दुसरा कशाला? पंधरा दिवस डबल काढा." मामा फुगला. चार तास झोप आपल्याला उदंड, जास्त झोपतो तो ऐदी, असं तो तरुणपणापासून मिशीला पीळ देत सांगत आला होता. पंधरा दिवसांचे पस्तीस झाले. रोज सोळा तास. घास हातात धरून तो ताटावर डुलायला लागला. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं वाटी भिरकावली. बायको म्हणाली, "अहो, मीठ कमी नाही, झोप कमी आहे. आरशात तोंड बघा, पाव फुगल्यासारखं झालंय." डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून मोजला. म्हणाल्या, "गोळी वाढवते. पण तुमच्याऐवजी गोळी झोपणार नाही हो." मामा त्यांच्यावरही खेकसला.

गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता, भर उजेडात, त्यानं काचेकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'पाणी भरपूर'. कॉक सोडला नाही. पाणी उतरल्यावर वाजणारी घंटा चार महिने मुकी होती. इस्त्रीवाली आत्या दारात येऊन ओरडली, "मामा, वाफेला जीवच नाही! झोपलास का?" तेव्हा त्यानं कॉक सोडला. फुस्स. थेंबही नाही. आणि त्याचा हात सरळ पंपाच्या बटणावर गेला.

तिथंच तो थिजला. डोक्याला सगळं ठाऊक होतं, हाताला काही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या इस्त्रीखान्यात अकरा बाया होत्या. त्यानं हात ओढून घेतला आणि आग बंद केली.

बॉयलर दोन दिवस गार ठेवून तपासला. आतल्या लोखंडी नळ्या शाबूत निघाल्या. ते दोन दिवस मामा झोपला. नुसता झोपला नाही, मेल्यासारखा पडला. बायकोनं दोनदा नाकापाशी बोट धरून बघितलं. तिसऱ्या सकाळी उठला तर तोंडावरची सूज उतरलेली, डोकं हलकं, आणि त्या हलक्या डोक्यात राग मात्र लख्ख पेटलेला. आधीचा मामा असता तर कागद न वाचता सही ठोकून मोकळा झाला असता.

"आणा तो पेन," मामा म्हणाला. साहेब म्हणायचं तो विसरला, की मुद्दाम विसरला. कागदाखाली त्यानं ठसठशीत लिहिलं : पस्तीस दिवस, रोज सोळा तास. घंटा चार महिने बंद, लेखी कळवलेलं. मग सही केली.

"हे काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं. चार तासांच्या फुशारक्या मी मारल्या, तेवढा दोष माझा. त्यासाठी माझं तोंड मी आरशात बघीन. तुमच्या वाटणीचं तुम्ही बघा."

"माणूस काय झाडाला लागतो? आज दोन वाजता दुसऱ्या पाळीला कोण उभं राहणार इथं?"

"उभा करा कुणालाही, लायसनवाला हवा. नाही आला तर दोनला आग विझवणार आणि घरी जाऊन झोपणार."

"आणि चादरी?"

"त्यांना झोप येत नाही. राहतील पडून."

मॅनेजर कागद चुरगाळणार होता, पण दारात आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्यामागं आणखी तिघी. त्यानं कागदाची नीट घडी घातली, खिशातला फोन काढला आणि दुसऱ्या पाळीसाठी माणूस शोधत अंगणात गेला.

मामानं हातमोजे चढवले. काच स्वच्छ, आरपार दिसत होती. त्यानं वाकून कॉक सोडला. पाणी सपकन पायांशी आलं. कॉक बंद करून त्यानं घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि आगीकडे वळला.